चौकटीभोवतीचा खर्च

गृहस्थाच्या आयुष्यात जे खर्च पुढे ढकलता येतील असे वाटते आणि जे पुढे ढकलले असता अधिक मोठे होऊन परत येतात, त्यांत खिडक्यांचा क्रम बराच वरचा लावावा लागेल. छप्पर गळू लागले की घरातील सर्वांना ती वार्ता एकाच रात्रीत कळते. खिडकी मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, एखाद्या बिजागरीवर लोंबकळते आणि तरीही वर्षानुवर्षे आपले काम रेटीत राहते. त्यामुळे तिच्यासाठी काही रक्कम बाजूला काढावी हा विचार बहुधा वाळवीने चौकटीचा खालचा भाग पोखरून टाकल्यावरच मनात येतो.

पुण्यातील एका जुन्या सहकारी गृहरचना संस्थेत आमचे बिऱ्हाड आहे. इमारत उभी राहिली त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिला सागवानी चौकटी, त्यांत बसविलेले आडवे लोखंडी गज आणि बाहेर उघडणाऱ्या काचेच्या झडपा होत्या. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस ज्या पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आपटतो, तेथल्या खिडक्या प्रथम खचल्या, आणि त्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात असे ठरले. ठेकेदाराने कोटेशन दिले: क्षेत्रफळ इतके चौरस फूट, दर इतका, त्यावर 18 टक्के जीएसटी आणि खाली बेरीज. कागद नीटनेटका होता. परंतु काम पुरे होऊन शेवटची पावती फाइलला लागली, तेव्हा प्रत्यक्ष खर्च त्या बेरजेच्या जवळजवळ दीडपट झालेला होता. आणि याहूनही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कबूल केलेल्या दरात ठेकेदाराने एका पैशाचीही वाढ केलेली नव्हती.

मग वाढ आली कोठून? जुनी चौकट भिंतीत नुसती टेकविलेली नसते. तिच्या दोन्ही उभ्या लाकडांना लोखंडी होल्डफास्ट जडवून त्यांची टोके विटांच्या बांधकामात काँक्रीटने पक्की केलेली असतात. चौकट काढावयाची म्हणजे ही टोके उकरावी लागतात, आणि त्यांच्याबरोबर भोवतालचा गिलावाही आतून-बाहेरून निघून येतो. तो भरण्यास गवंडी आला, गवंड्यामागून रंगारी आला. जुन्या रंगाशी नवा तुकडा जुळत नाही म्हणून सबंध भिंत रंगवावी लागली. बाहेरच्या अंगाला हात पोहोचावा म्हणून परांची बांधावी लागली. गज चौकटीतच असल्याने तेही चौकटीबरोबर गेले, तेव्हा नव्या ग्रिलचे काम निघाले. शिवाय तळाला कडप्प्याची फरशी, राडारोडा जिन्याने उतरविण्याची हमाली आणि तो नेणाऱ्या टेम्पोचे भाडे. यांतील एकही बाब कोटेशनमध्ये नव्हती आणि एकही बाब टाळण्याजोगी नव्हती. चौकटीच्या आतला खर्च दरावरून समजतो. चौकटीभोवतीचा खर्च दुसरा कोणी मांडून देत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की, अंदाजपत्रक चौरस फुटांवर न करता खिडकीगणिक करावे. वहीचे एक पान एका खिडकीस द्यावे आणि त्यावर नवी खिडकी, जुनी काढणावळ, गवंडीकाम, फरशी, ग्रिल, डासांची जाळी, रंग, परांची, हमाली व कर अशी कलमे एकाखाली एक लिहावीत. ज्या कलमाचा आकडा ठाऊक नसेल तेथे जागा मोकळी ठेवावी, कलम गाळू नये. मोकळी जागा आपल्याला चौकशीस भाग पाडते, गाळलेले कलम मात्र काम अर्ध्यावर आल्यानंतर तगाद्याच्या रूपाने समोर उभे राहते. हीच यादी दोन-तीन ठेकेदारांना द्यावी आणि प्रत्येक कलमापुढे ‘दरात समाविष्ट’ अथवा ‘वेगळे’ असे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावे. म्हणजे ज्याचा दर सर्वांत कमी त्याचेच काम सर्वांत स्वस्त, हा भ्रम कित्येकदा तेथल्या तेथे मावळतो.

मोजणीच्या वेळी घरातील कोणी तरी जातीने हजर असावे. जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. यास्तव रुंदी वर, मध्ये व खाली आणि उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे मोजून त्यांतील सर्वांत लहान माप धरावे लागते, आणि दोन्ही कर्ण मोजून पाहावे लागतात. कर्णांत बोटभर फरक निघाला, तर तेवढी फट सिलिकॉनने बुजविली जाणार की गवंड्याकडून कडा सरळ करून घेतली जाणार, आणि दुसऱ्या पर्यायाचे पैसे कोण देणार, हे त्याच क्षणी ठरवावे. त्याचप्रमाणे माप पुढच्या अर्ध्या फुटापर्यंत चढवून आकारणी करण्याची वहिवाट काही ठिकाणी आहे. आमची एक खिडकी 3 फूट 8 इंच रुंद व 4 फूट 7 इंच उंच, म्हणजे सुमारे 16.8 चौरस फूट. कागदावर ती 4 फूट बाय 5 फूट, म्हणजे 20 चौरस फूट झाली होती. एका खिडकीत ही वाढ 19 टक्क्यांची झाली. वहिवाट मान्य असेल तर असो. परंतु ती दर ठरविण्यापूर्वी ठाऊक असली पाहिजे.

खिडकी बदलण्याची खरोखर आवश्यकता आहे काय, हा प्रश्न तर याही अगोदरचा. आमच्या पूर्वेकडील खिडक्याही काढून टाकाव्यात असा ठेकेदाराचा आग्रह होता. शेजारच्या पेठेतील एका सुताराने स्क्रूड्रायव्हरचे टोक चौकटीत ठिकठिकाणी रोवून पाहिले. तळाशी ते लोण्यात शिरावे तसे शिरले, वीतभर वर मात्र लाकडाने त्याला दाद दिली नाही. तो म्हणाला, “काका, चौकट जिवंत आहे हो. खालचा तुकडा सांधून देतो, झडपा तेवढ्या नव्या करा.” चौकट जागेवर राहिली की होल्डफास्ट उकरणे नाही, गिलावा नाही, रंग नाही, भोवतालचा सगळा खर्चच उरत नाही. त्या खिडक्या आजही उत्तम स्थितीत आहेत.

आणि जी चौकट काढावीच लागेल, तिच्या लाकडाची किंमत जमेच्या बाजूस धरावी. कोटेशनच्या तळाशी ‘जुना माल उचलून नेणे, विनामूल्य’ असे एक उदार वाक्य पुष्कळदा असते. 4 फूट बाय 5 फूट आकाराच्या चौकटीचा परीघ 18 फूट; तिचे लाकूड 4 इंच बाय 3 इंच असेल तर एका चौकटीत दीड घनफूट सागवान निघते, आणि जुन्या, पक्क्या सागवानाला गिऱ्हाईक मिळण्यास विलंब लागत नाही. ते विकावे किंवा सुताराकडून त्याचे काही करवून घ्यावे. फुकट मात्र देऊ नये.

नवी खिडकी कोणती घ्यावी याविषयी थोडेच सांगतो. दोन झडपांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी निम्मेच तोंड उघडे राहते, तर बाहेर उघडणारी झडप सबंध वारा आत घेते. स्वयंपाकघरात हा भेद रोज जाणवतो. जाळी हवी असेल तर तिसरा ट्रॅक लागतो, आणि त्याचा दर वेगळा असतो. काच 5 मिलिमीटरची ठरली असता 4 मिलिमीटरची बसली, तर ती डोळ्यांना ओळखू येत नाही. म्हणून बसविण्यापूर्वी कडेवर मोजून घ्यावी. 5 मिलिमीटर काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, तेव्हा ते पेलणारे रोलर हलके घेऊन केलेली काटकसर फार काळ टिकत नाही. यूपीव्हीसीला वाळवी लागत नाही आणि गंज चढत नाही. तथापि तिच्या पोकळीत बळकटीसाठी पोलादी पट्टी आहे किंवा नाही, हे कापलेला तुकडा हाती घेऊन पाहावे. कोकणात व मुंबईच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेमुळे साधे लोखंडी स्क्रू लवकर सडतात. तेथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हे कलम करारनाम्यात स्पष्ट लिहावे.

सहकारी संस्थेत राहणाऱ्याने कामास हात घालण्यापूर्वी समितीकडे लेखी अर्ज करून मंजुरी घ्यावी. बाहेरून दिसणारा रंग आणि ग्रिलचा पुढे येणारा भाग यांवर आक्षेप निघाला, तर झालेले काम उतरविण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. मुहूर्त दिवाळीनंतरचा आणि होळीच्या आतला उत्तम: भिंती कोरड्या असतात आणि गिलावा वाळण्यास अवधी मिळतो. मे महिन्याच्या अखेरीस सर्वांनाच पावसाची आठवण होते, आणि तेव्हा कारागीर मिळाला तरी तो घाईतच मिळतो.

पैसे देण्याचा क्रमही लिहून ठेवावा. बयाणा निम्म्याहून कमी असावा, पुढचा हप्ता माल घरी येऊन तपासल्यावर द्यावा, आणि निदान दहावा हिस्सा पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याची अट आरंभीच मान्य करून घ्यावी. काम संपताच बाहेरून पाइपने पाणी मारून पाहावे: तळाच्या ट्रॅकमध्ये साचलेले पाणी बाहेरच्या भोकांतून वाहून जाते की आत उतरते, आणि फरशीचा उतार बाहेर आहे की घरात, हे तेव्हाच समजते.

तेव्हा वाचकांस विनंती इतकीच की, ठेकेदारास बोलावण्यापूर्वी ती वही भरावी, तिच्या बेरजेवर आणखी दहावा हिस्सा अकल्पित गोष्टींसाठी धरावा, आणि एवढी रक्कम हाती नसेल तर घरातील सर्व खिडक्या अर्धवट करण्यापेक्षा पावसाच्या तोंडाशी असलेल्या दोनच खिडक्या यंदा गिलावा, ग्रिल व रंगासह पूर्ण कराव्यात. उरलेल्या पुढील वर्षी करता येतील.