पट्टीच्या आधाराने जाळी शिवताना



मशीनवर क्विल्ट शिवू लागलेली व्यक्ती पट्टीच्या आधाराने जाळी भरायला घेते, तेव्हा पट्टी सरळ असल्यामुळे टीपही आपोआप सरळ येईल अशी तिची समजूत असते, आणि ती आधी दूर व्हावी लागते. पट्टी टिपेला फक्त कड पुरवते; ती कड कापडावर कोठे आणि कोणत्या कोनात ठेवायची, हे मशीन सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. शिकणाऱ्या व्यक्तीने आपल्या श्रमांचा मोठा वाटा या आखणीसाठी राखून ठेवावा.

क्विल्टमध्ये वरचे जोडकापड, खालचे अस्तर आणि या दोहोंमधला कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा भराव, म्हणजे बॅटिंग, असे तीन थर असतात. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत आतला थरही विणलेल्या कापडाचाच असल्यामुळे साधा धावदोरा पुरतो. बॅटिंग मात्र सुट्या तंतूंचे असल्याने टिपा विरळ पडल्या तर ते धुण्यात सरकते. एकमेकांना छेदणाऱ्या समांतर रेषांच्या दोन संचांची जाळी, म्हणजे क्रॉसहॅच, त्याला दोन्ही दिशांनी धरून ठेवते. अमेरिकेत ही जाळी दीर्घकाळ हातटाक्यांनी घातली जाई आणि मशीनच्या टिपेकडे काहीशा तुच्छतेने पाहिले जाई. १९८९ मध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या केंटकीतील पडूका येथील प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर शिवलेल्या क्विल्टला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या वृत्तीला मोठा धक्का बसला.

साधनांविषयी थोडक्यात. या कामाचा फूट, म्हणजे सुईभोवतीचा मशीनचा पाय, गोल असून त्याचा बाहेरचा व्यास साधारण अर्धा इंच असतो, म्हणून सुई पट्टीच्या कडेपासून पाव इंचावर पडते आणि पट्टी नेहमी हव्या त्या रेषेपासून पाव इंच अलीकडे ठेवावी लागते. ॲक्रिलिकच्या पट्टीची जाडी, बहुधा ६ मिमी आणि काही घरगुती मशीनसाठी ३ मिमी, फुटाशी जुळलीच पाहिजे. न जुळणारी पट्टी फुटाखाली शिरली तर सुई तिच्यावर आदळून तुटते, आणि तुटलेले टोक डोळ्याच्या दिशेनेही उडू शकते. कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते खाली उतरवलेले असल्यामुळे टाक्याची लांबी हाताच्या आणि मशीनच्या गतीच्या मेळावर ठरते. चौकटीवर ताणलेल्या कापडावर मशीनच फिरवणाऱ्या लाँगआर्म कारागिरांचे सल्ले घरगुती मशीनवर जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण तेथे कापड स्थिर असते, तर येथे हाताला कापड आणि पट्टी दोन्ही एकदम सरकवावी लागतात.

खरे काम आखणीचे. बारा इंची चौकोनाच्या चारही कडांवर एकेक इंचावर खुणा केल्या आणि त्या ४५ अंशांच्या तिरक्या रेषांनी जोडल्या, तर दोन रेषांमधले काटकोनातले अंतर एक इंच न येता सुमारे ०.७ इंच येते. ते नेमके एक इंच हवे असा आग्रह धरला, तर कडेवरच्या खुणा १.४१ इंचांवर कराव्या लागतात आणि बारा इंचांत त्या पूर्णांकात बसत नाहीत, म्हणजेच कोपऱ्यात अर्धवट शंकरपाळे उरते. अशा वेळी अंतराचा हट्ट सोडून कडेचे समान भाग पाडणे शहाणपणाचे ठरते. आयत असल्यास निवडलेल्या भागाने दोन्ही बाजूंना निःशेष भाग जावा. समान बाजूंच्या चौकोनात मात्र एका खुणेपासून निघालेली टीप प्रत्येक कडेवर काटकोनात वळत गेली, तर चार टप्प्यांत मूळ खुणेवर परत येते आणि दोरा तोडावा लागत नाही. फक्त दोन कर्ण वेगळे शिवावे लागतात. शालेय भूमितीचा इतका सुखद उपयोग क्वचितच होत असेल.

पट्टीवर कोरलेल्या रेषा मागच्या टिपेवर ठेवून पुढची टीप मोजण्याची सवय सोयीची वाटते, पण प्रत्येक टिपेत त्याच दिशेने एक मिलिमीटर चूक झाली तरी दहाव्या रेषेपर्यंत ती एक सेंटिमीटर होते. म्हणून निदान दर चौथी रेषा आधीच आखलेली असावी आणि मोजणी तिच्यापासून पुन्हा सुरू व्हावी.

तिरकी रेषा कापडाच्या उरेब दिशेने जाते आणि त्या दिशेने कापड ताणले जाते, त्यामुळे छेदबिंदूंपाशी चुण्या पडतात. त्या टाळण्यासाठी प्रथम जोडांवरून आणि कडेवरून टिपा मारून थर बांधून घ्यावेत, आणि मोठ्या क्षेत्रात मधल्या रेषांपासून बाहेर जावे. वळत जाणारी अखंड टीप लहान चौकोनांपुरतीच ठेवावी. पट्टीखाली खरखरीत चिकटपट्ट्या लावाव्यात, फूट पट्टीला नुसता टेकलेला असावा, आणि पट्टी हलवताना मशीन थांबवून सुई कापडात रुतलेली ठेवावी.

पाण्याने जाणाऱ्या शाईच्या खुणा इस्त्रीपूर्वी धुऊन काढाव्यात, कारण उष्णतेने ती शाई कापडात कायमची बसू शकते.