इंग्रजी शब्दात जोर कुठे द्यावा?



माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पहिल्याच मुलाखतीत मी 'डेव्हलप' हा शब्द सुरुवातीच्या 'डे'वर जोर देऊन उच्चारला आणि समोर बसलेले एक गृहस्थ हसले. अर्थ, स्पेलिंग, वापर सगळे बरोबर होते. चुकला होता फक्त जोर. ती नोकरी मिळाली नाही याचे दुःख लवकरच विसरलो, पण पुढे कित्येक वर्षे चारचौघांत इंग्रजी बोलताना जीभ अडखळत असे. तुमचे तसे होऊ नये म्हणून हा पाठ.

आपण घरी मराठी बोलतो, बाजारात हैदराबादी हिंदी, शेजाऱ्यांशी तेलुगू. या भाषांत ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले की काम भागते. जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र बदलू शकतो. तिथे शब्दाच्या एका तुकड्यावर जोर, म्हणजेच आघात, पडतो. तो तुकडा ठसठशीत ऐकू येतो आणि बाकीचे दबतात.

बेगम बाजारातील दुकानांच्या पाट्यांवर 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट' हे शब्द तुम्ही वाचले असतील. खाली ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी ' ही खूण केली आहे.

नाम: 'इम-पोर्ट (आयात), क्रियापद: इम-'पोर्ट (आयात करणे).
नाम: 'रे-कॉर्ड (नोंद), क्रियापद: रि-'कॉर्ड (नोंदवणे).
नाम: 'प्रे-झंट (भेटवस्तू), क्रियापद: प्रि-'झेंट (सादर करणे).

अशा जोड्यांत नामाचा जोर पहिल्या तुकड्यावर व क्रियापदाचा दुसऱ्यावर असतो. पण सगळेच शब्द असे नाहीत. 'व्हिजिट' नाम असो की क्रियापद, जोर पहिल्यावरच.

दुसरा नियम शेवट पाहून ओळखण्याचा. 'शन', 'इटी', 'इक' असा शेवट असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधी येतो: एज्यु-'के-शन, अ-'बि-लि-टी, इक-'नॉ-मिक. याला 'ॲ-र-बिक'सारखे अपवाद आहेत. शेपूट बदलले की जोरही सरकतो: 'फो-ट-ग्राफ, फ-'टॉ-ग्र-फर, फो-ट-'ग्रॅ-फिक.

आता व्यवहाराची गोष्ट. फिफ-'टीन म्हणजे १५ आणि 'फिफ-टी म्हणजे ५०. फोनवर बदामाची ऑर्डर घेताना ही गल्लत झाली तर १५ किलोऐवजी ५० किलो बदाम जातील! त्यातही पुढे दुसरा शब्द आला की 'फिफ्टीन'चा जोर अनेकदा पहिल्या तुकड्यावर सरकतो. म्हणून 'वन फाइव्ह' असे आकडे सुटे सांगून खात्री करून घ्यावी.

अभ्यास असा करा. नवा शब्द आला की टाळ्या वाजवून तुकडे मोजा. मग शब्दकोश उघडा. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात उच्चारासोबत जोराच्या तुकड्याआधी वर एक छोटी उभी रेघ असते. ती पाहून त्या तुकड्यावर मोठी टाळी वाजवा. रोज ५ शब्द वहीत लिहा. मोबाइलवरील शब्दकोशात उच्चार ऐकताही येतो.

१९५८ मध्ये आपल्याच हैदराबादेत इंग्रजीच्या अध्यापनासाठी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली. २००७ पासून ती 'इफ्लू' या नावाने ओळखले जाणारे केंद्रीय विद्यापीठ आहे. शिक्षणाची एवढी सोय ज्या शहरात आहे, तिथल्या मुलांनी इंग्रजीला भिण्याचे कारण नाही.

पालकांना विनंती, मूल चुकले तर हसू नका. त्याच्यासोबत शब्द शोधा. विश्वस्त मंडळालाही नम्र विनंती, प्रत्येक वर्गात उच्चार दाखवणारा एक शब्दकोश असावा. आणि मुलांनो, जोर चुकला तरी बोलणे थांबवू नका. चूक सुधारता येते. गप्प बसण्याची सवय सुटायला फार वर्षे लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

आपला,
मुख्याध्यापक