आवाज कुणाचा, चेहरा कुणाचा?

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात यंत्र मुख्य, गायिका दुय्यम, असे म्हणतात. मार्था वॉशची कारकीर्द पाहता मला हे पटत नाही. चर्चमधील भक्तिगीतांवर घडलेला तिचा भरदार आवाज १९७८ मध्ये सिल्व्हेस्टरच्या साथीला होता. १९८२ मध्ये 'इट्स रेनिंग मेन' गाजले. १९९० च्या 'गोन्ना मेक यू स्वेट'मधील ती गगनभेदी हाकही तिचीच. पण चित्रफितीत ओठ हलविले सडपातळ झेल्मा डेव्हिसने! ब्लॅक बॉक्स या इटालियन संचाच्या गाण्यांतही हाच प्रकार. आपले पार्श्वगायन निदान उघड असते. ही तर लपवाछपवी. यंत्राला हवा तो ठेका धरता येतो, हाक मात्र कंठातूनच यावी लागते. मार्था कोर्टात गेली. तडजोड झाली, आणि गायिका म्हणून तिचे नाव द्यावे लागले.