जुना डेक घेताना आधी तानपुरा ऐका

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला जुना कॅसेट डेक घेण्याची हौस पुन्हा बोकाळली आहे आणि त्या हौसेवर पोट भरणारे विक्रेतेही वाढले आहेत. या व्यवहारात माझे हात चांगलेच पोळले आहेत. तो किस्सा उगाळून कुणाची सहानुभूती नको. पण राग गेलेला नाही, हेही लपवत नाही. सांगायचं ते एवढंच की, वयोमानानं जुन्या यंत्रात येणारे दोष सगळ्या संगीताला सारखे बाधत नाहीत. ड्रम आणि गिटारच्या दणदणाटात जे खपून जातं, ते तानपुऱ्यासमोर उघडं पडतं. आपल्याकडे हौसेनं घरी रेकॉर्डिंग करणारा माणूस बहुधा ख्याल, अभंग, नाट्यपद नाहीतर भावगीत गाणारा असतो. त्याला डेक विकताना मात्र जोरदार ठेक्याचं फिल्मी गाणं लावलं जातं. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

कॅसेटची टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगानं सरकते. हा वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढला तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये वाजतं. एवढी चूक लहान मूलही पकडेल. शिवाय वेग चुकला पण स्थिर राहिला, तर सगळे स्वर एकत्रच वर किंवा खाली जातात, रागाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वेग डुलायला लागला की. प्रमाण श्रुतीचं गुणोत्तर 81:80 आहे, म्हणजे दोन गंधारांमधला जो फरक ऐकायला कान तयार करावा लागतो, तो अवघा सव्वा टक्क्याचा. चांगला डेक नवा असताना हा डुलण्याचा दोष 0.1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असे. रबरी बेल्ट सैलावला, पिंच रोलर कडक किंवा चपटा झाला, ग्रीस वाळलं की तो कितीतरी पटींनी वाढतो. ठेक्याच्या गाण्यात स्वर येतात आणि जातात, त्यामुळे कानाला तुलना करायला अवधीच मिळत नाही. तानपुऱ्याचा षड्ज मात्र अखंड वाजत असतो. तोच हलायला लागला की त्याच्यावर ठेवलेला प्रत्येक स्वर संशयित होतो. गायकाचा घसा निर्दोष असतो आणि आरोप मात्र त्याच्यावर येतो.

विक्रेत्यांची चाचणी घेण्याची रीत तर नीट समजून घेण्यासारखी आहे. तुम्हाला माइकसमोर चार ओळी गायला लावतात, लगेच टेप मागे घेऊन ऐकवतात आणि ‘बघा, तुमचाच आवाज’ म्हणून मोकळे होतात. ज्या यंत्रावर रेकॉर्ड केलं त्याच यंत्रावर ऐकलं, तर वेगातली कायमची चूक दिसणारच नाही, कारण दोन्ही वेळा ती तेवढीच असते. यंत्र 4 टक्के जोरात धावत असलं तरी या परीक्षेत ते पहिल्या वर्गात पास होतं. तीच कॅसेट दुसऱ्या डेकवर लावली आणि तीवरच्या गाण्याबरोबर सुरात लावलेली पेटी वाजवायला घेतली, की लख्ख उजेड पडतो. तोवर पैसे हातावेगळे झालेले असतात आणि समोरचा ‘तेव्हा तर चालत होता’ म्हणायला मोकळा असतो. दुसरी युक्ती हेडशेजारच्या स्क्रूची. या स्क्रूनं हेडचा टेपशी असलेला कोन ठरतो. दुकानातली ठरलेली एक कॅसेट झगझगीत ऐकू यावी म्हणून तो पिळून ठेवला, की तुमच्या घरच्या बाकी सगळ्या कॅसेट घोंगडं पांघरल्यासारख्या वाजतात. मग दोष तुमच्या कॅसेटना. हे अज्ञानातून होत असेल असं मानायला मी काही काळ तयार होतो, आता नाही.

दोन इशारे इथेच देऊन टाकतो. साध्या टू-इन-वनवर रेकॉर्डिंगची पातळी यंत्र स्वतःच ठरवतं आणि बहुतेकांवर ती सोय बंद करता येत नाही. गायक आलापात थांबला की यंत्र हावऱ्यासारखं आवाज वाढवतं. तानपुरा, पंखा, रस्त्यावरची रिक्षा सगळं पुढे येतं, आणि सम गाठताच पुन्हा दबतं. ख्यालाची सगळी शांतता त्यात मरते. पातळी हातानं ठरवता येत नसेल तर ते यंत्र फुकटही घेऊ नका. दुसरा इशारा अमेरिकेहून आलेल्या जुन्या स्पूल यंत्रांबद्दल. ‘ट्रान्सफॉर्मर लावला की झालं’ हे अर्धसत्य आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी नाही. ज्यांची मोटर थेट विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालते ती 60 हर्ट्झची यंत्रं आपल्या 50 हर्ट्झवर सुमारे 17 टक्के सावकाश धावतात, म्हणजे पट्टी तीन अर्धस्वरांहून थोडी जास्तच उतरते. डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण नाही. विकणाऱ्याला मोटर कोणती असं विचारा आणि त्याचा चेहरा पाहा.

यावर हमखास येणारा आक्षेप ब्रूस स्प्रिंगस्टीनचा. 1982 साली आलेला त्याचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्यानं न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर रेकॉर्ड केला होता, मग आपल्याला का जमू नये? उदाहरण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. ते टीॲक 144 यंत्र 1979 मध्ये बाजारात आलेलं, म्हणजे त्याच्या हातात होतं तेव्हा जुनं नव्हतंच. शिवाय ते नेहमीच्या कॅसेटच्या दुप्पट वेगानं टेप चालवायचं. आणि तरीही त्या टेपवरून तबकडी बनवताना तंत्रज्ञांची दमछाक झाली. दुसरा आक्षेप आपल्या मातीतला. खाजगी बैठकींची जुनी स्पूल रेकॉर्डिंग आजही रसिक जिवापाड जपतात. जपतातच, पण तिथल्या गाण्यासाठी. ती मैफल पुन्हा होणार नाही म्हणून खरखर सोसतात. तुमचं गाणं उद्या पुन्हा गाता येणार आहे, मग खरखर कशाला सोसायची? तिसरा आक्षेप ‘टेपच्या उबे’चा. ही ऊब खोटी नाही. पातळी चढली की टेप आवाजाची टोकं गोल करते, ते कानाला गोड लागतं. पण तो गुण धडधाकट यंत्रावर योग्य पातळी ठेवल्याचा आहे, म्हातारपणाचा नव्हे. सैल बेल्टला ऊब म्हणणं ही निव्वळ विक्रीची भाषा. आणि कॉम्प्युटरवर सुधारता येतं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की, स्थिर चूक एका आकड्यानं सुधारते. क्षणाक्षणाला बदलणारी चूक सुधारणं वेळखाऊ, खर्चीक आणि बऱ्याचदा अपुरं ठरतं.

म्हणून मूळ ध्वनिमुद्रण साध्या ऑडिओ इंटरफेसवरून कॉम्प्युटरवर करा आणि रंग हवा असेल तर नंतर ते टेपवरून फिरवून आणा. टेप बिघडली तरी गाणं वाचतं. डेक घ्यायचाच असेल तर खात्रीच्या यंत्रावर भरलेली, पट्टी माहीत असलेली तानपुऱ्याची कॅसेट सोबत न्या आणि ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाजवून आपल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशी ताडून पाहा, कारण रिळावरचं ओझं बदललं की थकलेलं यंत्र वागणूक बदलतं. यंत्र अर्धा तास तापू द्या. ऑटो-रिव्हर्सचा मोह टाळा, फिरणाऱ्या हेडचा कोन टिकवणं कठीण असतं. सी-120 कॅसेट वापरू नका, तिची टेप फार पातळ असते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पावसाळ्यात बुरशी सांभाळा, बिल घ्या, घाई करू नका वगैरे सांगायला मी कशाला हवा. मात्र एक गोष्ट अवश्य करा. जो विक्रेता तुमची तानपुऱ्याची कॅसेट लावायला टाळाटाळ करेल, त्याच्या दुकानातून तिथल्या तिथे बाहेर पडा. त्याला त्या यंत्राचं खरं काय ते ठाऊक आहे.