विजेची वाट

बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. ते १९६९ साली सुरू झाले. तिथे अणूच्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात. पातेल्यावरचे झाकण उडवते तीच वाफ, पण जोर अफाट! त्या जोराने मोठे चक्र फिरते. चक्राबरोबर चुंबक फिरतो. भोवती तांब्याच्या तारांची वेटोळी असतात, त्यांत वीज उत्पन्न होते. विजेच्या दाबाचे माप म्हणजे व्होल्ट. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते.

वीज एका तारेने येते, दिव्यातून जाते आणि दुसऱ्या तारेने परतते. ही वाट पुरी झाली तरच दिवा लागतो. बटण बंद केले की वाट तुटते. ओढ्यावरचा साकव काढावा तसेच हे.

आता सांगा, कावळा तारेवर बसतो, त्याला झटका का बसत नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. जमिनीशी त्याचा संबंध नसतो. आपले पाय मात्र जमिनीवर. आपण तार धरली की आपल्या अंगातूनच विजेची वाट पुरी होते. अंग ओले असले तर विचारूच नका!

घरात कोणाला विजेने धरले, तर त्याला हात लावू नका. मायेपोटी माणूस धावतो, अन् मग दोघेही जातात. आधी मेन स्विच बंद करा. ते जमलेच नाही, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने त्याला तारेपासून सोडवा.

पावसात खांबावरची तार तुटून पडली, तर मात्र काठीही नको. लांब उभे राहा, पोरांना, गुरांना अडवा आणि वीज कंपनीला लगेच कळवा.