मे महिन्यात मॉरिशसला थंडी कशी?

प्रश्न : माझी मामेबहीण लग्नानंतर मॉरिशसला असते. मे महिन्यात आम्ही उकाड्याने हैराण असतो, तेव्हा ती फोनवर म्हणते, "इथे आता थंडी पडायला लागली." मॉरिशसही उष्ण कटिबंधातच ना? मग हे कसे?
– एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : तुमची बहीण म्हणते ते खरे आहे. विठ्ठलवाडी विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 19 अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला 20 अंशांवर. बाजू उलटी, म्हणून ऋतूही उलटे. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, जून ते सप्टेंबर हिवाळा. मे हा मधला, हवा पालटण्याचा महिना.

मात्र ही थंडी सौम्य असते. उन्हाळ्याचे सरासरी तापमान सुमारे 25 अंश, हिवाळ्याचे 20. चहूबाजूंचा समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, त्यामुळे आपल्यासारखा चाळिशीचा पारा तिथे चढत नाही.

पावसाचे गणित मात्र आपल्या ओळखीचे. आग्नेयेकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे मधल्या पठारावर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. साडेपाचशे मीटर उंचीवरचे क्युरपीप शहर त्यामुळे सदा ओले आणि गार. पश्चिम किनाऱ्यावरची राजधानी पोर्ट लुई मात्र उष्ण, कोरडी. सह्याद्रीच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे पर्जन्यछाया, तसेच हे. उन्हाळ्यात चक्रीवादळांचे भय असते. 1960च्या 'कॅरोल' वादळाने हजारो घरे पाडली, तेव्हापासून तिथे काँक्रीटची घरे वाढली.

आणखी एक नाते सांगायलाच हवे. तुमच्याकडून दिसणारा मलंगगड ज्या काळ्या बेसॉल्टचा आहे, तसल्याच खडकाचे मॉरिशसही आहे. आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्रोतावरून भारतीय भूपट्ट सरकत असताना, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हाथर पसरले. त्याच स्रोताने पुढे, गेल्या कोटभर वर्षांत, मॉरिशस घडवले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेले मराठी मजूर नकळत आपल्याच खडकाच्या भावंडावर उतरले होते. त्यांच्या वंशजांच्या गणेशोत्सवानिमित्त तिथे आज सार्वजनिक सुट्टी असते.

बहिणीकडे जायचे झाल्यास सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. ऑक्टोबर तिथला सर्वांत कोरडा महिना. तरीही क्युरपीपसाठी एक स्वेटर आणि छत्री सोबत असू द्या.