निरोपाची पारख
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी एक पाठ)

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई, तेव्हा ती कोणाच्या हुकुमाने पिटली आहे, हे लहान मुलासही ठाऊक असे. दवंडी कोतवाल देई. परंतु तिच्यामागे चावडी उभी असे. आज घरोघरी मोबाइलवर जे निरोप येतात, त्यांच्यामागे कोण उभे आहे, हे बहुधा कोणासच ठाऊक नसते. निरोप मामाकडून किंवा शेजाऱ्याकडून येतो, म्हणून तो खरा वाटतो. परंतु मामाने तो केवळ पुढे धाडलेला असतो. पाठविणारा ओळखीचा असला, तरी मूळ सांगणारा अनोळखी असतो. हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

हा भेद न ओळखल्यास काय घडते, याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. पाचही जण निरपराध होते. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्यापूर्वी मोबाइलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोन माणसे रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसत. वस्तुतः ती फीत कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती, व मूळ फितीत शेवटी ते मूल परत आणून सोडलेले दाखविले होते. नेमका तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

पाठाचा आरंभ कानगोष्टींच्या खेळाने करावा. मुलांना रांगेत बसवून पहिल्याच्या कानात एक वाक्य सांगावे व शेवटच्याकडून ते मोठ्याने वदवून घ्यावे. वाक्य पालटलेले ऐकून मुले हसतील. मग विचारावे, “मोबाइलवरील निरोपाचे तर अक्षरही पालटत नाही, मग तो खोटा कसा ठरतो?” चर्चेतून तीन कारणे काढून घ्यावीत : निरोप मुळातच खोटा असतो, त्याचा मागचा-पुढचा भाग कापलेला असतो, अथवा जुनी किंवा परमुलखातील गोष्ट आजची व इथली म्हणून सांगितलेली असते.

त्यानंतर चार प्रश्न वहीत उतरवून द्यावेत : हे प्रथम कोणी सांगितले? कोठे व केव्हा घडले? प्रत्यक्ष कोणी पाहिले? पुढे धाडल्याने कोणास इजा होईल काय? उत्तर न मिळाल्यास निरोप तेथेच थांबवावा. खरोखरच धोका दिसला, तर ११२ किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे, हेही सांगावे. शिक्षा करणे जमावाचे काम नव्हे.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतासाठी एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. अशा मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो. विवेक मात्र शिकवावाच लागतो.

शेवटी एक गोष्ट स्वतःविषयी. गावात ‘गुरुजींनी पाठविले आहे’ एवढे म्हटले, की निरोपास वजन येते. म्हणून हे चार प्रश्न फळ्यावर लिहिण्यापूर्वी ते आपण स्वतःस विचारीत आहोत ना, हे प्रत्येक शिक्षकाने पाहावे.